ताठपणामापन, गोल्फ-दांड्याचे : घरगुती उपकरणाच्या अचूकतेची तपासणी

गोल्फच्या क्लबचा दांडा वाकण्यास किती विरोध करतो, हे संख्येने व्यक्त करण्याच्या क्रियेस ताठपणामापन म्हणतात. हे मापन करणारी उपकरणे बाजारात मिळतात. तथापि त्यांची किंमत बरीच असल्यामुळे क्लबांची दुरुस्ती करणारे कारागीर व हौशी खेळाडू लाकडी फळी, शेगडा, वजने, डायल गेज किंवा स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनीय तराजू यांच्या साहाय्याने अशी उपकरणे स्वतः तयार करतात. अशा उपकरणाने दिलेली संख्या कितपत विश्वसनीय आहे हे ठरविण्याच्या पद्धतींचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे. या पद्धतींमागील तत्त्वे सामान्य असून ती कोणत्याही घरगुती मापन उपकरणास लागू पडतात.

तपासणीची आवश्यकता : विसाव्या शतकाच्या आरंभी क्लबांचे दांडे हिकरी या चिवट लाकडाचे असत. प्रत्येक दांड्याचा ताठपणा निराळा असे व कारागीर तो हाताने वाकवून अजमावीत असे. सेंट अँड्रूझ येथील रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबने १९२९ मध्ये पोलादी दांड्यांस मान्यता दिली. १९३१ मध्ये बिली बर्क या खेळाडूने पोलादी दांड्याचे क्लब वापरून अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली आणि त्यानंतर हिकरी झपाट्याने मागे पडले. १९७० नंतर कार्बन तंतू व रेझीन यांपासून बनविलेले, ग्रॅफाइट या नावाने ओळखले जाणारे हलके दांडे प्रचारात आले. कारखान्यात तयार होणाऱ्या दांड्यांवर ताठपणाचे निदर्शक म्हणून एल, ए, आर, एस, एक्स यांसारखी अक्षरे छापण्याची प्रथा आहे. एल हे अक्षर सर्वांत लवचिक व एक्स हे अतिशय ताठ दांड्याचे निदर्शक होय. परंतु या अक्षरांना सर्व उत्पादकांनी मान्य केलेला असा कोणताही संख्यात्मक आधार नाही. त्यामुळे एका उत्पादकाचा आर दांडा दुसऱ्याच्या एस दांड्याइतका ताठ असू शकतो.

अशा स्थितीत दांड्याची निवड करताना स्वतःच्या मापनावर अवलंबून राहावे लागते. मापन चुकले, तर त्याचे परिणाम नेहमीच दुरुस्त करता येत नाहीत. दांडा अधिक ताठ करण्यासाठी त्याचा शीर्षाकडील भाग काही मिमी. कापण्याची पद्धत आहे. कापलेला भाग पुन्हा जोडता येत नाही व महागडा दांडा वाया जातो. म्हणून कापण्यापूर्वी उपकरणाची परीक्षा होणे इष्ट असते.

उपकरणांचे प्रकार : घरगुती उपकरणे सामान्यतः तीन प्रकारची असतात. (१) पहिल्या प्रकारात दांड्याचे मुठीकडील टोक पक्के जखडून दुसऱ्या टोकास ठराविक वजन टांगतात व ते टोक किती खाली येते हे मोजतात. (२) दुसऱ्या प्रकारात दांडा दोन टेकूंवर आडवा ठेवून मध्यभागी भार देतात आणि तेथील वाकणे मोजतात. टेकूंची जोडी दांड्याच्या लांबीवर सरकवीत नेली म्हणजे दांडा कोठे ताठ व कोठे लवचिक आहे याचा आलेख मिळतो. (३) तिसऱ्या प्रकारात मुठीकडील टोक जखडून मोकळ्या टोकास क्लबच्या शीर्षाएवढे, सामान्यतः २०० ग्रॅ.च्या आसपासचे, वजन बसवितात आणि दांड्यास आंदोलित करून दर मिनिटास होणारी आंदोलने मोजतात. ड्रायव्हर या सर्वांत लांब क्लबाच्या दांड्याच्या बाबतीत ही संख्या साधारणतः २३० ते २८० असते आणि लगतच्या दोन अक्षरांमधील फरक सुमारे १० आंदोलनांचा धरला जातो.

तत्त्व : तिन्ही प्रकारांत मुळात एकच राशी मोजली जाते. ती म्हणजे नमनदृढता होय. द्रव्याचा यंग स्थितिस्थापकता गुणांक आणि छेदाच्या आकारावर अवलंबून असणारे क्षेत्रफळाचे द्वितीय परिबल यांच्या गुणाकारास नमनदृढता म्हणतात [⟶ स्थितिस्थापकता]. एका टोकास जखडलेल्या एकसारख्या जाडीच्या सळईचे मोकळे टोक जेवढे खाली येते, ते अंतर भार व मोकळ्या लांबीचा घन यांच्या गुणाकारास नमनदृढतेच्या तिपटीने भागून मिळते. दोन टेकूंवर ठेवलेल्या सळईच्या बाबतीत लांबी म्हणून टेकूंमधील अंतर घेतात आणि तिपटीऐवजी ४८ पटीने भागतात. या दोन्ही सूत्रांत लांबीचा घन येत असल्यामुळे लांबी मोजताना १ टक्का चूक झाली, तर उत्तरात ३ टक्के चूक होते. भरीव गोल सळईचे द्वितीय परिबल व्यासाच्या चतुर्थ घातावर अवलंबून असल्यामुळे व्यासातील १ टक्का चूक उत्तरात ४ टक्के होते. घरगुती उपकरणातील बहुतेक दोषांचे मूळ या दोन घातांत असते.

पुनरावृत्ती व अचूकता : एकच दांडा दहा वेळा मोजला असता उत्तरे एकमेकांच्या जवळ आली, तर उपकरण अचूक आहे असा समज होतो. हा समज बरोबर नाही. उत्तरांचा जवळपणा हा केवळ पुनरावृत्तिक्षमतेचा पुरावा होय. फळीवरील मोजपट्टी चुकीच्या जागी बसविलेली असेल किंवा पकड प्रत्येक वेळी सारखीच सैल राहत असेल, तर सर्व उत्तरे सारखी परंतु सारखीच चुकीची येतात. पहिल्या जातीच्या चुकांना यादृच्छिक त्रुटी व दुसऱ्या जातीच्या चुकांना नियमबद्ध त्रुटी म्हणतात. यादृच्छिक त्रुटी अनेक वाचनांचे माध्य काढून कमी करता येते. शंभर वाचने घेतली तरी नियमबद्ध त्रुटी मात्र तशीच राहते. जिची नमनदृढता उपकरणाची मदत न घेता ठरविता येते, अशा वस्तूशी तुलना केल्यानेच ती उघडकीस येते. घरगुती उपकरणाच्या तपासणीचे सार एवढेच आहे.

पुनरावृत्तीची चाचणी घेताना दांडा प्रत्येक वेळी पकडीतून पूर्ण काढून पुन्हा बसविणे आवश्यक असते. तो न हलविता घेतलेली दहा वाचने केवळ गेजची परीक्षा करतात, पकडीची करीत नाहीत.

भाराची तपासणी : वजने प्रत्यक्ष टांगली जात असतील, तर वैधमापन यंत्रणेने मुद्रांकित केलेली वजने पुरेशी अचूक असतात. भार लोड सेलने किंवा इलेक्ट्रॉनीय तराजूने मोजला जात असेल, तर त्यावर अशी वजने क्रमाक्रमाने चढवावीत, नंतर त्याच क्रमाने उतरवावीत आणि दोन्ही वेळची वाचने लिहून ठेवावीत. चढताना व उतरताना एकाच वजनास निरनिराळी वाचने आली, तर त्यास मंदायन म्हणतात. घर्षण, सैल सांधा किंवा तराजूच्या पट्टीवर तिरका येणारा दाब ही त्याची नेहमीची कारणे होत. सर्व वजने काढल्यावर तराजू शून्यावर परत येतो की नाही, हेही पाहावे.

किलोग्रॅमचे न्यूटनात रूपांतर करताना गुरुत्वीय प्रवेगाचे स्थानिक मूल्य घेणे योग्य ठरते. ९.८०६६५ मी. प्रतिसेकंद वर्ग हे प्रमाण मूल्य असले, तरी मुंबईच्या अक्षांशावर ते सुमारे ९.७९ आहे. हा फरक ०.२ टक्के एवढाच असल्यामुळे घरगुती कामात तो दुर्लक्षिला तरी चालतो. अन्य त्रुटी याहून पुष्कळ मोठ्या असतात.

प्रमाण सळई : तुलनेसाठी सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे भरीव, गोल व सरळ अशी पोलादी सळई होय. गोल्फचा दांडा मुठीकडून शीर्षाकडे निमुळता होत जातो व आतून पोकळ असतो. म्हणून एखादा दांडाच प्रमाण म्हणून वापरल्यास त्याची नमनदृढता गणिताने काढणे कठीण जाते. सळईच्या बाबतीत व्यास व द्रव्य एवढेच माहीत असावे लागते.

८ मिमी. व्यासाच्या सळईचे द्वितीय परिबल सुमारे २०१ मिमी. चतुर्थघात येते. पोलादाचा यंग गुणांक २०५ गिगॅपास्काल धरल्यास नमनदृढता ४१.२ न्यूटन-वर्ग मीटर मिळते. ही दृढता ड्रायव्हरच्या दांड्यांत आढळणाऱ्या मूल्यांच्या पल्ल्यातच असल्यामुळे अशी सळई तपासणीस योग्य ठरते. दुकानदाराने सांगितलेल्या व्यासावर विसंबू नये. मायक्रोमीटरने सळईच्या लांबीवर निरनिराळ्या जागी व प्रत्येक जागी एकमेकांना लंब अशा दोन दिशांनी व्यास मोजून माध्य काढावे. व्यासात ०.०१ मिमी. चूक राहिली, तर दृढतेत ०.५ टक्के फरक पडतो.

ही सळई ३०० मिमी. अंतरावरील दोन टेकूंवर ठेवून मध्यभागी ५ किग्रॅ. भार दिल्यास ती ०.६७ मिमी. वाकली पाहिजे. टेकूंतील अंतर ६०० मिमी. केल्यास हेच वाकणे आठपट, म्हणजे सुमारे ५.३५ मिमी. होते. डायल गेजचे लघुतम माप ०.०१ मिमी. असेल, तर पहिल्या बाबतीत केवळ वाचनाची अनिश्चितता १.५ टक्के व दुसऱ्या बाबतीत ०.२ टक्के राहते. यावरून टेकू दूर ठेवणे फायद्याचे वाटते. परंतु दांड्याचा ताठपणा जागोजाग बदलतो व दूरचे टेकू त्या सर्वांचे एकत्रित उत्तर देतात. म्हणून उपकरणाची परीक्षा लांब अंतरावर व दांड्याचा आलेख कमी अंतरावर, अशी विभागणी करणे सोयीचे असते.

दोन सळयांची चाचणी : एकाच द्रव्याच्या ८ मिमी. व १० मिमी. व्यासांच्या सळया घेतल्यास त्यांच्या दृढतांचे गुणोत्तर केवळ व्यासांवर अवलंबून राहते व ते २.४४ येते. येथे यंग गुणांक नेमका किती हे माहीत असण्याची गरज नसते. उपकरणाने निराळे गुणोत्तर दिल्यास ते ताठ व लवचिक दांड्यांना सारख्या प्रमाणात न्याय देत नाही असे समजावे. बहुधा याचे कारण सांगाड्याचे स्वतःचे वाकणे हे असते.

सांगाड्याचे वाकणे : भार दिला असता सळईबरोबर टेकू, फळी व गेजचा आधार हेही थोडे दबतात आणि गेज या सर्वांची बेरीज दाखविते. हा दोष शोधण्याचा उपाय सोपा आहे. टेकूंवर २५ मिमी. व्यासाची जाड पोलादी सळई ठेवावी. ती ८ मिमी. सळईच्या सुमारे ९५ पट ताठ असते. ३०० मिमी. अंतरावर ५ किग्रॅ. भाराने ती केवळ ०.००७ मिमी. वाकेल आणि हे वाकणे सामान्य गेजवर दिसणारही नाही. तरीही काटा हलला, तर तेवढे वाकणे सांगाड्याचे समजावे. समजा, काटा ०.०५ मिमी. हलला, तर ८ मिमी. सळईच्या ०.६७ मिमी. वाकण्यात ती भर साडेसात टक्क्यांची होते. प्रत्येक वाचनातून ही भर वजा करावी किंवा फळीऐवजी लोखंडी चॅनेल वापरून सांगाडा बळकट करावा. लाकूड दमट हवेत फुगते व सतत भाराखाली हळूहळू झुकते. त्यामुळे लाकडी सांगाड्याची ही चाचणी ऋतुमानानुसार पुन्हा घ्यावी लागते.

प्रमाण सळईची स्वतंत्र परीक्षा : यंग गुणांक पोलादाच्या जातीनुसार सुमारे २०० ते २१० गिगॅपास्काल असतो. म्हणजे २०५ हे मूल्य गृहीत धरले, तर अडीच टक्के संदिग्धता उरते. सळईच्या नादावरून ती कमी करता येते. सळईचा ५०० मिमी. लांबीचा तुकडा घेऊन दोन्ही टोकांपासून लांबीच्या ०.२२४ पट, म्हणजे ११२ मिमी. अंतरावर तो दोऱ्याने टांगतात. हे कंपनाचे निस्पंद बिंदू असल्यामुळे दोऱ्यांचा कंपनास अडथळा होत नाही. मध्यभागी हलकी टिचकी मारली असता तुकडा नाद देतो. त्याची कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपने) भ्रमणध्वनी संचातील ध्वनी-विश्लेषक आज्ञावलीने मोजता येते. २०५ गिगॅपास्काल गुणांकाच्या ८ मिमी. सळईसाठी ती सुमारे १४५.५ यावी. कंप्रता, लांबी व तुकड्याचे वजन यांवरून दृढता काढता येते. दृढता कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे कंप्रता १ टक्का कमी आल्यास प्रत्यक्ष दृढता २ टक्के कमी असते.

या पद्धतीत पकड, टेकू, भार व गेज यांपैकी काहीही लागत नाही. लांबी ०.५ मिमी.पर्यंत, वजन ०.२ ग्रॅ.पर्यंत व कंप्रता ०.३ पर्यंत बिनचूक मोजल्यास सळईची दृढता सुमारे अर्ध्या टक्क्याच्या आत निश्चित होते. ज्या उपकरणाची परीक्षा घ्यावयाची त्याच्यापासून हे मूल्य सर्वस्वी स्वतंत्र असते, हे तिचे खरे महत्त्व होय.

पकडीची तपासणी : एक टोक जखडणाऱ्या उपकरणांत सर्वाधिक त्रुटी पकडीमुळे उद्भवते. पकड पूर्णपणे अचल नसेल, तर सळई पकडीच्या तोंडापासून वाकण्याऐवजी थोडी आतूनच वाकू लागते. म्हणजे मोजलेल्या लांबीपेक्षा प्रत्यक्षातील लांबी अधिक ठरते. ८ मिमी. सळईस ५०० ग्रॅ. वजन टांगले असता १,०००, ८०० व ६०० मिमी. मोकळ्या लांबीवर टोक अनुक्रमे ३९.६, २०.३ व ८.६ मिमी. खाली यावे. पकडीमुळे लांबीत १० मिमी. भर पडत असेल, तर ही अंतरे सुमारे ४०.८, २१.० व ९.० मिमी. होतात. त्रुटी ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत वाढत जाते, म्हणजे लांबी कमी तसा दोष अधिक जाणवतो. या अंतरांची घनमुळे लांबीसमोर आलेखावर मांडल्यास सरळ रेषा मिळते. निर्दोष पकडीच्या बाबतीत ही रेषा लांबीच्या अक्षास शून्यावर छेदते. पकड सदोष असल्यास ती शून्याच्या मागे छेदते व तेवढे अंतर हीच पकडीने वाढविलेली लांबी होय. ही लांबी हिशोबात घेतली की पकड न बदलताही वाचने दुरुस्त करता येतात. वाचन घेताना सळई स्वतःच्या वजनाने वाकलेल्या स्थितीत शून्य धरून मगच वजन टांगावे. येथे डायल गेज वापरू नये. त्यातील स्प्रिंगचा दाब १ न्यूटनाच्या आसपास असू शकतो व तेवढ्याने १,००० मिमी. लांबीच्या या सळईचे टोक ८ मिमी. सरकते. साधी मोजपट्टी व टोकास चिकटविलेली सुई पुरेशी असते.

दांडा पकडताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पकडीत नेहमी ठराविक लांबी, साधारणतः १२७ मिमी. (५ इंच), घ्यावी. रबरी मूठ चढविलेल्या दांड्याची तुलना उघड्या दांड्याशी करू नये, कारण रबर दबते व दांडा असतो त्याहून लवचिक भासतो.

आंदोलनमापकाची तपासणी : घरगुती आंदोलनमापकात बहुधा प्रकाशकिरण व संवेदक वापरतात. दांड्याने किरण तोडला की एक गणना होते. प्रत्येक आंदोलनात किरण दोनदा तुटत असल्यामुळे गणना दुप्पट होत नाही ना हे प्रथम पाहावे. त्याहून सूक्ष्म दोष गणनेच्या पद्धतीत असतो. १० सेकंदांतील पूर्ण आंदोलने मोजून त्यांस ६ ने गुणल्यास एका आंदोलनाची चूक दर मिनिटास ६ आंदोलनांची होते, म्हणजे अर्ध्याहून अधिक अक्षराएवढी. याउलट २० आंदोलनांना लागणारा काळ मोजल्यास २५० आंदोलनांच्या दांड्यासाठी तो ४.८ सेकंद येतो व ०.०१ सेकंदाच्या चुकीने उत्तर केवळ अर्ध्या आंदोलनाने बदलते.

परीक्षेसाठी तीच ८ मिमी. सळई १,००० मिमी. मोकळी ठेवून टोकास २०५ ग्रॅ. वजन बसवितात. कंपनात सळईच्या स्वतःच्या वजनापैकी सुमारे २४ टक्के भाग टोकाच्या वजनात मिळवावा लागतो. हिशोबाने दर मिनिटास सुमारे १९४ आंदोलने यावीत. सळई १० मिमी. आत सरकली, तर ही संख्या ३ ने वाढते. हलक्या ग्रॅफाइट दांड्याच्या बाबतीत टोकाच्या वजनातील १ ग्रॅ. फरकानेही २५० आंदोलनांत सुमारे अर्ध्या आंदोलनाचा बदल होतो. म्हणून टोकाचे वजन एकदा तोलून कायम तेच वापरतात.

दिशेनुसार भेद : रॉयल अँड एन्शंट क्लबच्या परंपरेतून आलेली आर अँड ए ही संस्था व युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन यांच्या नियमांनुसार दांडा स्वतःभोवती कसाही फिरविला तरी सारखाच वाकला पाहिजे. प्रत्यक्षात दांड्यात अल्पसा दिशाभेद राहतो. तो शोधण्यासाठी दांडा बेअरिंगांत बसवून वाकवितात व फिरवितात. दांडा एका विशिष्ट स्थितीत येऊन थांबला, म्हणजे तेथे ताठ बाजू सापडली असे मानले जाते. परंतु दांडा मुळात किंचित वाकडा असला तरीही तो असाच थांबतो. याची खातरी करण्यासाठी गोल पोलादी सळई जाणूनबुजून थोडी वाकवून त्याच उपकरणात फिरवावी. गोल सळईत ताठ बाजू नसते. तरीही उपकरणाने ती दाखविली, तर ते ताठपणाऐवजी वाकडेपणा मोजत आहे, हे सिद्ध होते. सरळ सळईने मात्र सर्व दिशांना एकच वाचन दिले पाहिजे.

निष्कर्षाची मांडणी : सर्व चाचण्यांनंतर उरलेल्या अनिश्चिततांचा एकत्रित विचार करतात. समजा, टेकूंच्या उपकरणात भाराची अनिश्चितता ०.५, वाकण्याची ०.२ व टेकूंतील अंतरामुळे येणारी ०.५ टक्के आहे. या परस्परांपासून स्वतंत्र असल्यामुळे त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतात व ते सुमारे पाऊण टक्का येते. प्रमाण सळईने दिलेले उत्तर गणिती मूल्यापासून याहून फार दूर असेल, तर एखादा दोष अद्याप सापडलेला नाही असे समजून पुन्हा शोध घ्यावा. दोष न शोधता उत्तरास केवळ एका संख्येने गुणून ते जुळवून घेतल्यास एका सळईपुरते समाधान होते आणि निराळ्या ताठपणाच्या दांड्यावर चूक पुन्हा डोके वर काढते.

परीक्षा पूर्ण झाल्यावर ती सळई गंजू नये म्हणून तेल लावून जपून ठेवतात आणि दर वेळी दांडे मोजण्यापूर्वी एकदा मोजून तिचे वाचन तारखेसह वहीत टिपतात. सळई बदलत नाही. त्यामुळे वाचन बदलले, तर बदल उपकरणात झाला आहे हे लगेच कळते. दांड्याच्या मूल्यासोबत पकडीतील लांबी, टोकाचे वजन, टेकूंतील अंतर व अनिश्चितता यांची नोंद केली, म्हणजे दुसऱ्या गावच्या कारागिरालाही ती संख्या स्वतःच्या उपकरणावर पडताळून पाहता येते. दांड्यावरील अक्षरांत हा गुण नाही. साध्या फळीवर घेतलेल्या, परंतु नीट तपासलेल्या मापनात तो आणता येतो.